परदेशात राबणाऱ्याला हक्काची मजुरी: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न असा आला आहे: ‘परदेशातून आलेल्या कामगारांच्या हक्कांसाठी आम्हाला काम सुरू करायचं आहे. गट लहान, पैसा बेताचा. आधी हात कशाला घालावा? किमान वेतन वाढवून मागावं, कामगारांना कायदा समजावून सांगावा, की सरळ युनियन बांधावी?’

या तिन्ही गोष्टी लागतातच. पण त्यांच्या आधी एक तपासून घ्या. ज्याच्यासाठी काम करायचं आहे, तो माणूस आजचा मालक सोडून उद्या दुसऱ्याकडे कामाला लागू शकतो का? लागू शकत नसेल, तर वाढलेलं किमान वेतन त्याच्या हातात पडत नाही, कायदा माहीत असूनही तो तोंड उघडत नाही आणि सभेला येतो म्हणून सांगतो पण येत नाही. बुडवलेल्या मजुरीचे दावे लढवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. देश वेगळे, धंदे वेगळे, पण त्या माणसाला समोर बसवून नीट ऐकून घेतलं की बहुतेक वेळा तेच दोन फास दिसतात. एक, घरून निघण्याआधी डोक्यावर झालेलं कर्ज. दुसरा, एकाच मालकाच्या नावाला बांधलेला व्हिसा. मजुरी बुडवण्याची हिंमत मालकाला या दोहोंमुळे येते.

आधी कर्ज. नोकरी लावून देण्याचा खर्च कामगाराकडून घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पैसे उलट्या दिशेने जातात. भारतातून जाणाऱ्यांसाठी परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच शुल्क घेता येतं. मला भेटलेल्यांपैकी फार थोड्यांनी एवढ्यात भागवलं आहे. वरची रक्कम रोख, पावतीशिवाय आणि बहुधा गावातल्याच ओळखीच्या सब-एजंटच्या हातात दिलेली असते. ती उभी करायला सावकार, दागिने, जमिनीचा तुकडा. मग पहिली काही वर्षं तो माणूस मजुरीसाठी राबत नाही, व्याजासाठी राबतो. त्याला ‘तक्रार कर’ म्हणणं सोपं आहे. तक्रार केली की परत पाठवणी आणि परत गेलो की कर्ज तसंच अंगावर, हा हिशेब त्याने आपल्याला भेटण्याच्या कितीतरी आधी करून ठेवलेला असतो. त्याला हक्क ठाऊक नाहीत म्हणून तो गप्प आहे, असं समजून पत्रकं छापणारे गट मी खूप पाहिले.

सिग्नल इंटरनॅशनल या जहाजबांधणी कंपनीचं अमेरिकेतलं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. कत्रिना वादळानंतर कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर एच-२बी या तात्पुरत्या व्हिसावर नेले. ग्रीन कार्ड मिळेल असं सांगून एजंटांनी त्यांच्याकडून माणशी १०,००० डॉलर आणि त्याहूनही जास्त घेतले होते. तिथे एकेका ट्रेलरमध्ये २४ जण कोंबले आणि राहण्या-खाण्यापोटी पगारातून महिना १,०५० डॉलर कापले. २००८ मध्ये मिसिसिपीतल्या पास्कागुला इथल्या कामगारांनी काम बंद केलं, वॉशिंग्टनपर्यंत मोर्चा नेला. २०१५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या ज्युरीने पाच कामगारांना मिळून १ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले आणि काही महिन्यांतच कंपनी दिवाळखोरीत गेली. दाव्यांपोटी मिळून २ कोटी डॉलरची तडजोड झाली. बातम्या आकड्यांच्या झाल्या. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी. मानवी तस्करीला बळी पडलेल्यांसाठी असलेला टी व्हिसा यांतल्या अनेकांना मिळाला, म्हणून ते त्या देशात राहून, दुसरीकडे काम करत सात वर्षं लढू शकले. नोकरी सुटताच विमानात बसावं लागलं असतं, तर खटला उभा कोण करणार होतं?

कर्जाचा फास सैल करायचे दोन मार्ग चालताना मी पाहिले आहेत. एक फिलिपिन्सचा. त्यांच्या १९९५ च्या कायद्यानुसार कामगाराचं देणं परदेशातल्या मालकाने बुडवलं, तर त्याला देशातून पाठवणारी एजन्सीही त्याला तितकीच जबाबदार. एजन्सीने परवाना घेताना ठेवलेल्या हमीच्या रकमेतून वसुली होते आणि दावा आपल्या देशात परतल्यावर लावता येतो. त्यामुळे वाईट मालकाकडे माणसं पाठवणं एजंटलाच परवडेनासं होतं. मला विचाराल तर कामगार पाठवणाऱ्या प्रत्येक देशाने उचलावा असा हा सगळ्यात स्वस्त कायदा आहे. त्याला ना दूतावासाची मेहेरबानी लागते, ना परदेशी न्यायालय. दुसरा मार्ग कतारमध्ये विश्वचषकाच्या बांधकामांवर वापरला गेला. तिथल्या कंत्राटदारांना कामगारांनी भरलेलं भरती शुल्क हप्त्याने परत करायला लावलं गेलं आणि त्यासाठी कामगाराकडे पावती मागितली नाही. पावती मागितली असती तर योजना तिथेच संपली असती, कारण ज्याने पैसे खाल्ले तो पावती देतच नाही.

आता व्हिसा. आखाती देशांतल्या कफाला पद्धतीवर भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून फक्त यंत्रणा सांगते. माणसाचं देशात राहणं मालकाच्या सहीवर. मालक सोडून गेला की ‘फरार’ म्हणून नोंद करता येते. सौदीत त्याला हुरूब म्हणतात. नोंद झाली की कालपर्यंतचा कायदेशीर कामगार आज गुन्हेगार. थकलेले पगार मागणाऱ्यावरच ही नोंद पडते, हे मी अनेक फायलींत पाहिलं आहे, तक्रारीची आणि नोंदीची तारीखसुद्धा एकमेकींना खेटून असतात. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान वेतन लागू केलं. मालक राहायची आणि जेवणाची सोय देत नसेल तर अनुक्रमे ५०० आणि ३०० रियाल वर. बदल खरा आहे. पण ‘फरार’ची नोंद हत्यार म्हणून शिल्लक राहिली आणि बरेच मालक आजही राजीनाम्यावर आपला शिक्का असल्याशिवाय माणसाला सोडायला कुरकुर करतात. सौदीने मार्च २०२१ मध्ये मालक बदलण्याची मुभा दिली, त्यातून घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी आणि शेतमजूर वगळले. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर.

आखाताला नावं ठेवून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. अमेरिकेतला एच-२ए हा शेतमजुरांचा व्हिसाही मालकालाच बांधलेला असतो. दक्षिण कोरियाने २००४ पासून सरकार-ते-सरकार भरती सुरू केली, एजंट बाजूला सारला, खर्च खूप खाली आणला. पण कामाची जागा पहिल्या तीन वर्षांत तीनदाच बदलता येते, तीही ठरलेल्या कारणांसाठी. एक फास सोडला, दुसरा आवळला. ब्रिटनचं उदाहरण तर प्रयोगशाळेत प्रयोग करावा तसं आहे. परदेशी घरकामगारांना १९९८ पासून मालक बदलता येत होता. एप्रिल २०१२ मध्ये तो हक्क काढून घेतला. कामगार त्याच, घरं तशीच, बदलली ती फक्त व्हिसाची एक अट. आणि त्यानंतर आलेल्या बायकांकडून पासपोर्ट काढून घेतल्याच्या, पगार न दिल्याच्या तक्रारी वाढल्याचं त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थांनी नोंदवलं. २०१६ मध्ये मुभा परत दिली, पण सहा महिन्यांच्या व्हिसातले उरलेले दिवस संपेपर्यंतच. चार-दोन आठवड्यांसाठी कोण नवी बाई ठेवणार? कॅनडाने २०१९ मध्ये छळ होत असलेल्या कामगाराला कोणाकडेही काम करता येईल असा खुला परवाना द्यायला सुरुवात केली. तो छळ दाखवल्यावरच मिळतो, ही त्यातली उणीव. तरी दार आहे.

म्हणून तुमच्या गटाला सरकारकडे एकच मागणी न्यायची ताकद असेल, तर वेतनाच्या आकड्याऐवजी ही न्या: व्हिसा मालकाला नको, फार तर त्या धंद्याला बांधलेला असावा; आणि मजुरीची तक्रार चालू असेपर्यंत राहण्याचा व काम करण्याचा परवाना मिळावा.

आता प्रत्यक्ष मजुरी कशी झिजते ते बघू, कारण इथे कामगारांशी बोलताना तुम्हाला तपशील माहीत असावे लागतात. सरसकट पगार न देणं हा ढोबळ प्रकार झाला. बारीक प्रकार जास्त चालतात. फ्लोरिडातल्या टोमॅटोच्या शेतांवर मजुरी बादलीवर असे: ३२ पौंडांची, म्हणजे साधारण साडेचौदा किलोची बादली आणि तिला ५० सेंटच्या आसपास. मुकादम म्हणायचा, काठोकाठ चालणार नाही, वर शीग हवी. ते वरचे टोमॅटो मजूर तोडायचा, ट्रकपर्यंत वाहायचा, पण त्याचे पैसे कधीच मोजले जात नसत. दर तसाच, बादली तीच, पण दिवसाअखेर कितीतरी बादल्या फुकट. आखातात तोच खेळ पगाराच्या पावतीत असतो. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि पुढे ३० दिवसांच्या मूळ वेतनावर मोजतात. मग मालक काय करतो? एकूण पगार तोच दाखवतो, पण मूळ वेतन निम्म्यावर ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकतो. महिन्याला फरक जाणवत नाही, दहा वर्षांनी जाताना जाणवतो. करार हातात आला की एकूण आकडा बघू नका, मूळ वेतन बघा. आणि निघताना सही केलेला करार व पोहोचल्यावर पुढे केलेला करार शेजारी ठेवून बघा; ते सारखे असतील असं गृहीत धरू नका.

अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती आहे, इतर आखाती देशांनीही ती पद्धत उचलली. उपयोग होतो, नाही असं नाही; पगार तीन महिने जमा झाला नाही हे सरकारला आपोआप कळतं. पण किती तास काम झालं हे बँकेला कळत नाही. कामगाराचं एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असणं हाही ऐकीव किस्सा नाही.

तासांचा पुरावा हीच दाव्याची खरी मारामारी. मालकाकडे संगणकावर काढलेलं हजेरीपत्रक, रोज बरोबर आठ तास, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. कामगाराकडे खिशातली मळकी वही. वकील नसलेले लोक वहीला कमी लेखतात. माझा अनुभव उलटा आहे. वहीत पेनाची शाई बदलते, पावसाने काम बंद होतं, सणाच्या दिवशी सुट्टी असते, कोणा सोबत्याला लागलं म्हणून दवाखान्यात गेल्याची नोंद असते. खऱ्या आयुष्याला असतात तसे खाचखळगे तिच्यात दिसतात. रोज आठ तासांचं गुळगुळीत हजेरीपत्रकच संशय निर्माण करतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच माउंट क्लेमेन्स पॉटरी खटल्यात सांगितलं आहे की मालकाने नीट नोंदी ठेवल्या नसतील तर कामगाराचा वाजवी अंदाज धरावा आणि तो चुकीचा आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर टाकावं. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात बिनकागदपत्रांच्या कामगारासाठी किमान तीन महिने काम झालं असं गृहीतच धरलं आहे. नसेल झालं तर मालकाने दाखवावं. असे नियम तुमच्या देशात आहेत का ते शोधा, नसतील तर मागा. आणि तोवर वह्या वाटा. खरंच, पत्रकांऐवजी वह्या वाटा. रोजची सुरुवात, शेवट, जेवणाची सुट्टी, मुकादमाचं नाव, हातात आलेले पैसे. फोनवर हजेरीच्या ठिकाणचा फोटो काढला तर तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.

मग प्रश्न येतो वसुलीचा. निकाल बाजूने लागतो आणि समोरचा उपकंत्राटदार गायब असतो, किंवा दुसऱ्या नावाने नवी कंपनी काढून त्याच साइटवर उभा असतो. म्हणून पैसा जिथे आहे तिथपर्यंत जबाबदारी पोहोचली पाहिजे. न्यूयॉर्क राज्यात जानेवारी २०२२ पासून बांधकामावरच्या मुख्य कंत्राटदाराला खालच्या उपकंत्राटदाराने बुडवलेल्या मजुरीसाठी धरता येतं. फ्लोरिडात हेच काम कायद्याशिवाय झालं आणि ते जास्त शिकण्यासारखं आहे. इमोकली गावातल्या, बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमाला आणि हैतीहून आलेल्या टोमॅटो मजुरांच्या संघटनेने ओळखलं की शेतमालकाशी भांडून फार निघणार नाही, कारण भाव ठरवतात ते मोठे खरेदीदार. २००१ मध्ये त्यांनी टाको बेल या फास्ट फूड साखळीवर बहिष्कार पुकारला. २००५ मध्ये कंपनीने पौंडामागे एक सेंट जास्त द्यायचं कबूल केलं. मग मॅक्डोनाल्ड्स, बर्गर किंग, पुढे २०१४ मध्ये वॉलमार्ट. २०११ पासून फ्लोरिडाच्या बहुतेक टोमॅटो शेतांवर करार लागू झाला: तो जादा पैसा पगाराच्या पावतीत वेगळ्या ओळीत दिसतो, सावली आणि पाणी मिळतं, दिवसरात्र चालू असलेली तक्रारीची फोनलाइन आहे आणि बादलीवर शीग मागता येत नाही. नियम मोडणाऱ्या शेतातून खरेदीदारांनी माल घ्यायचा नाही, हा त्यातला दात. कंपन्यांच्या आचारसंहिता ढिगाने आहेत. माल नाकारण्याचं बंधन नसलेली आचारसंहिता मी वाचायलाही घेत नाही.

ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांचं काय, हा पुढचा प्रश्न तुम्हाला हमखास येईल. अमेरिकेत १९३८ चा वेतन कायदा केलेल्या कामाची मजुरी द्यायला लावतो, कामगाराचा व्हिसा काहीही असो. पण २००२ च्या हॉफमन प्लास्टिक निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की युनियनला पाठिंबा दिला म्हणून काढून टाकलेल्या बिनपरवाना कामगाराला त्यानंतरच्या काळाचा पगार मिळणार नाही. केलेल्या कामाचे पैसे मागता येतात, संघटित झाल्याची शिक्षा देणं मात्र मालकाला जवळपास फुकट पडतं. मालकांनी यातून नेमका बोध घेतला. त्यामुळे कामगार निरीक्षक आणि स्थलांतर विभाग यांच्यात भिंत हवी: मजुरीची तक्रार घेणाऱ्याने व्हिसा विचारायचा नाही, विचारला तरी पुढे कळवायचा नाही. ही भिंत नसेल तर लोकांना सरकारी कचेरीत पाठवण्याआधी दहादा विचार करा. तक्रार कुठे जाते हे स्वतः तपासल्याशिवाय कोणाचंही नाव अर्जावर लिहू नका.

‘यांना हक्क दिले तर स्थानिकांचं काय’ असं विचारणाऱ्यांशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही, त्यांना कॅलिफोर्नियातल्या डेलानोची हकीकत सांगते. तिथले द्राक्ष बागायतदार फिलिपिनो मजूर संपावर गेले की मेक्सिकन आणायचे आणि उलटही. सप्टेंबर १९६५ मध्ये लॅरी इटलिऑन्ग यांच्या पुढाकाराने फिलिपिनो मजूर तासाला १ डॉलर ४० सेंट मागत संपावर गेले आणि आठवड्याभरात सीझर चावेझ यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. १९७० मध्ये करार झाले. स्वस्तात आणि मुकाट राबणारा एक गट शिल्लक असला की दुसऱ्याचा दर पडतो, मग तो गट कुठूनही आलेला असो.

घरकामगारांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार त्यांना इतर कामगारांच्या पंक्तीला बसवतो, पण बहुतेक देशांचा कामगार निरीक्षक घराच्या उंबऱ्याशी थांबतो. तिथे वहीही लपवावी लागते. आठवड्याच्या सुट्टीला त्या बाहेर भेटतात त्या जागा शोधणं, एवढंच सुरुवातीला करता येईल, आणि ते पुष्कळ आहे.

तुमच्या पहिल्या वर्षासाठी मी म्हणेन, एक धंदा आणि एक वस्ती धरा. कर्ज किती, कोणाला दिलं, व्हिसा कोणाच्या नावावर, हे तिथल्या लोकांकडून समजून घ्या. दाव्याची मुदत आधीच पाहून ठेवा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ती दोन वर्षं आहे, मालकाने जाणूनबुजून बुडवलं हे दाखवता आलं तर तीन. लोक घरी परतायच्या आठवड्यात सगळ्यात जास्त फसतात, तिथे माणूस ठेवा. त्या दिवसांत मालक ‘सर्व हिशेब पूर्ण मिळाला’ अशा कागदावर सही मागतो, आणि तिकीट त्याच्याच हातात असतं. सही टाळता येत नसेल तर शेजारी स्वतःच्या भाषेत ‘बाकी येणे आहे’ असं लिहून मगच सही करायची आणि फोटो काढून ठेवायचा. विमानात बसण्याआधी त्या देशातल्या वकिलाच्या किंवा संस्थेच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या, पगाराच्या पावत्या, करार आणि वहीच्या पानांचे फोटो त्यांच्याकडे सोपवा. गावी पोहोचल्यावर मुखत्यारपत्र करायचं म्हटलं तर नोटरी, दूतावास, भाषांतर यांत महिने जातात आणि मुदतीचं घड्याळ तेवढ्यासाठी थांबत नाही.